अंगणातला लाल कोबा

सोलापूर,
ता. १९ नोव्हेंबर १९७४

मामा,

कागदावरूनच पाया पडते, भेटल्यावर परत पडेन. आम्ही सगळी बरी आहोत. तुमच्या जावयांना, धुळाप्पांना, गिरणीत दिवसपाळी मिळाली, म्हणून घरात जरा हसणं आहे. आम्ही गाव सोडून सोलापुरात आलो त्याला आता वर्ष होईल.

दसऱ्यापासून मी एका बंगल्यात झाडलोट-फरशीचं काम धरलंय. सात रस्ता चौकाच्या पुढं बसलिंगप्पा शेठ म्हणून चादरींचे व्यापारी आहेत, त्यांचा नवा बंगला. माणसं चांगली आहेत, पण त्यांच्या अंगणानं माझा जीव खाल्लाय. पुढचं सगळं अंगण आणि व्हरांडा लाल सिमेंटचा कोबा आहे. कडेनं वेलीची नक्षी, मधोमध मोठं कमळ. लांबून बघावं तर लग्नातला शालू! पण वर पाऊल टाकलं की पायाला लाल पीठ. मी दिवसातून तीनदा झाडते. चौथ्यांदा झाडलं तरी सुपलीभर भुकटी निघते. ती वाऱ्यानं उडून पुढच्या खोलीत जाते, तिथं पांढऱ्या चादरींचे गठ्ठे असतात. मग म्हाळसाबाई, म्हणजे शेठाणी, म्हणतात, "झाडतेस की नुसता झाडू फिरवतेस?" त्यात तेलाचे डाग, सायकलीच्या गंजाचे डाग वेगळेच.

घरात म्हणतात, ज्या मिस्त्रीनं हे केलं त्यानं निम्मं सिमेंट खाल्लं आणि पळून गेला. आता शेठनी शहाबादी फरशी सांगितलीय. संक्रांत झाली की हा कोबा फोडणार. मला एवढं चांगलं कमळ फोडलेलं बघवणार नाही. मी बोलून गेले, "फोडू नका, माझ्या मामानं तीस वर्षं हेच काम केलंय, मी त्यांना विचारते." सगळे हसले. आता मला खाली बघायला लावू नका. उपाय असेल तर कळवा.

तुमची,
अक्कम्मा


अक्कलकोट,
ता. २६ नोव्हेंबर १९७४

अक्कू,

तुजं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तो मिस्त्री कोण व्हता ते मला म्हाईत न्हाई, आन त्याचं नाव काढून आपल्याला करायचंय काय? काम कोब्याचं हाय, मिस्त्रीचं न्हाई. फोडू देऊ नको.

आदी कोबा जित्ता हाय की मेला ते बघ. एका कोपऱ्यात पाणी शिंपड आन खिळ्यानं ओरखड. खिळा आत आत जात ऱ्हायला तर गेला तो, फोडू दे त्यास्नी. वरचाच पापुद्रा निघाला आन खाली खिळा टण्‌ वाजला तर कोबा जित्ता हाय. नुसती वरची कातडी उन्हानं करपलीया.

मग असं कर. भुकटी कोरडीच झाडून काढ, वल्ली केलीस तर लाल चिखल डागात बसंल. तेलाच्या डागाला धुण्याचा सोडा कडक पाण्यात घाल, ब्रशानं घास, आन वर खडूच्या भुकटीचा लेप देऊन रातभर ठेव. खडू तेल ओढून घेतो. गंजाच्या डागाला ऑक्झॅलिक म्हणून पांढरं मीठ रंगाच्या दुकानात मिळतंय. इषारी हाय, हाताला फडकं बांद, पाणी पातळ ठेव, मग लई पाण्यानं धू. एवढं करून कळव. मग पुढचं सांगतो. घाई करू नको. शिमिट घाई इसरत न्हाई.

धुळाप्पाला सांग, मामानं इचारलंय.

ईश्वरप्पा


सोलापूर,
ता. ५ डिसेंबर १९७४

मामा,

कोबा जित्ता आहे! खिळ्यानं वरची कातडी कुंकवासारखी निघाली, नखाच्या कडेएवढी जाड. खाली खिळाच वाकला. मी तो वाकडा खिळा शेठना नेऊन दाखवला. ते म्हणाले, "खिळाच हलका असेल." पण संक्रांतीच्या आधी काय करायचं ते कर म्हणाले. तेवढं पुष्कळ झालं.

तेलाचे डाग तुमच्या खडूनं असे उचलले की म्हाळसाबाई खाली वाकून हात फिरवून गेल्या. तोवर सगळं चांगलं होतं. आता वाईट सांगते. ऑक्झॅलिक आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "ते कशाला बाई, तेजाब न्या, एका घोटात गंज जाईल." मी नेलं. नळाजवळ ओतलं. फसफसून उकळलं, धूर आला, गंज गेला, आणि त्याच्याबरोबर लाल रंगही गेला. कमळाच्या एका पाकळीवर तळहाताएवढं पांढरं चकंदळ पडलंय. म्हाळसाबाईंनी पाहिलं. त्यांनी शेठना हाक मारली. शेठ म्हणाले, "त्या मिस्त्रीपेक्षा ही बाई लवकर वाट लावणार."

चूक माझी आहे. तुम्ही घाई करू नको म्हणाला होता. पण मी काम सोडणार नाही. पांढऱ्या चकंदळाचं काय करू, एवढंच सांगा.

अक्कम्मा


अक्कलकोट,
ता. ९ डिसेंबर १९७४

अक्कू,

तेजाब! अगं, लाल कोब्यावर तेजाब म्हंजे तोंड धुवायला निखारे! त्या दुकानदाराला एकदा माज्या म्होरं आण.

आता रडत बसू नको. आदी तिथं बादल्यांनी पाणी ओत, मग सोड्याचं पाणी, मग परत पाणी. तेजाबाचा थेंब ऱ्हायला तर त्यो खातच ऱ्हाईल. वाळल्यावर बारीक चाळलेलं शिमिट आन लाल रंग, तीन वाट्याला एक, पाण्यात साईसारकं कालव, जागा जराशी वली करून तिच्यावर फडक्यानं चोळ. पातळ. परत पातळ. नळाकडची पाकळी सातांतली सगळ्यात रुंद हाय, तिथं डाग खपून जाईल, कडेला रेघ दिसणार न्हाई. वर वलं पोतं टाक आन धा दिस वाळू देऊ नको. धा म्हंजे धा.

मग समदा कोबा काळ्या पॉलिशच्या दगडानं पाणी टाकून घास, करपलेली कातडी पुरी निघंपर्यंत. खाली जे लागंल ते लोखंड हाय, ते माजं वचन.

ईश्वरप्पा


सोलापूर,
ता. १५ डिसेंबर १९७४

मामा,

कमळाला सात पाकळ्या आहेत हे मी तुम्हाला लिहिलंच नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. तुमचं पत्र वाचून मोजल्या. सात. आणि नळाकडची सगळ्यात रुंद.

मी म्हाळसाबाईंना मिस्त्रीचं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "अक्कलकोटचा कोणीतरी ईश्वरप्पा." मी तिथंच झाडू धरून उभी राहिले. इतके दिवस ही माणसं ज्याला चोर म्हणत होती त्याच्याच पत्रानं त्यांचं अंगण मी धूत होते.

मामा, सिमेंट खाल्लंत का? एकदाच विचारते. हो म्हणालात तरी अंगण मी पुरं करीन. पण खोटं लिहू नका.

अक्कम्मा


अक्कलकोट,
ता. ३ जानेवारी १९७५

अक्कू,

तुज्या पत्राला पंधरा-सोळा दिस उत्तर दिलं न्हाई. तू समजली असशील मामा घाबरला. घाबरलो न्हाई. लिवायला बसलो की कागद अपुरा वाटायचा.

कोबा माजाच हाय. सात पाकळ्या मुद्दाम केल्या, नळाकडची रुंद बी मुद्दामच. आठ कुनीबी करतंय, दोरी दुमडली की झालं. गोल सातात वाटायचा म्हंजे हात लागतो. माजा हात तसा व्हता, दाखवावा वाटला. आन शिमिट एक घमेलं कमी न्हाई टाकलं. शेठनी दिलं तेवढं समदं त्या जमिनीत हाय.

पण शिमिटाला पाणी लागतंय, पोरी. कोबा घातला की निदान आठ-धा दिस वला ठेवावा लागतो, तवा त्यो आतनं बांदला जातो. कोबा झाला मार्चात, त्र्याहत्तर साली. तू गावाकडं व्हतीस, त्या दुष्काळाचं तुला सांगायला नको. शेठनी लांबच्या हिरीवरनं दोन टँकर ठरवले, खास कोब्यासाठी, आन ते ममईला गेले. पैला टँकर फाटकात आला. बंगल्यामागं इड्या वळणाऱ्या बायांची वस्ती हाय. बाया घागरी घेऊन फाटकाला लागल्या. मराठी, तेलगू, कानडी, समद्या एकदम बोलत व्हत्या. एक म्हातारी पुढं झाली, "अण्णा, नीरु कोडरी." पाणी द्या म्हणत व्हती. मी म्हणालो, "आज्जी, हे पाणी जमिनीला हाय." ती म्हणाली, "तुज्या जमिनीला घसा हाय व्हय रे?"

मी डायवरकडं बघितलं, त्यानं माज्याकडं. मीच जाऊन तोटी सोडली. दुसऱ्या दिशी दुसरा टँकर आला, तोबी तसाच. कोब्यावर पोती टाकली व्हती, ती दुपारपर्यंत पापडासारकी वाळली. वरची कातडी माज्या डोळ्यांदेखत करपली. मला म्हाईत व्हतं काय व्हणार ते.

वरसानं भुकटी निघाली तवा शेठ म्हणाले शिमिट चोरलं. मी गप्प बसलो. खरं बोललो असतो तर डायवरची नोकरी गेली असती. आन दुसरं बी हाय, ते तुलाच सांगतो. शिमिटचोर म्हणालं ते खोटं व्हतं, म्हणून झोंबलं न्हाई. पाणीचोर म्हणालं असतं तर ते खरं हाय की.

हे तुज्याजवळ ठेव. कुनाला सांगू नको. आता पुढचं काम ऐक.

दगडानं घासून, धुऊन, चार दिस कोबा खणखणीत वाळू दे. सोडियम सिलिकेट म्हणून मधासारकं घट्ट पाणी मिळतंय. गिरणीत ब्लीचिंगला वापरत्यात, साबणवाल्याकडंबी असतंय. धुळाप्पाला इचार. एक भाग ते, चार भाग पाणी. रुंद ब्रशानं लाव, एक दिस वाळू दे, कडक पाण्यानं पुसून घे, न्हाईतर पांढरी साय धरंल. परत लाव. तिसऱ्यांदा पाणी तीनच भाग घे. ते शिमिटातला चुना धरून दगड व्हतं. मग व्हरांड्याला मेण. टर्पेंटाइनमधी मेण विरघळव, पण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून, चुलीवर न्हाई, भडका उडंल. जुन्या चादरीच्या तुकड्यानं चोळ, हात दुखंपर्यंत. अंगणात पाऊस पडतो, तिथं मेण नको, माणूस घसरंल. तिथं जवसाचं तेल गरम करून पातळ हात दे, आन उरलेलं लगेच पुसून घे. ती फडकी गोळा करून ठेवू नको, पसरून वाळव, न्हाईतर आपोआप पेटत्यात.

ईश्वरप्पामामा


सोलापूर,
ता. २ फेब्रुवारी १९७५

मामा,

तुमचं पत्र हातात घेऊन मी त्या फाटकापर्यंत गेले. मागची वस्ती तिथंच आहे. बाया दारात बसून विड्या वळत होत्या. मी काही विचारलं नाही. नुसती बघून आले.

आता कामाचं. शेठनी संक्रांतीची मुदत आणखी पंधरा दिवस वाढवून दिली, तीही म्हाळसाबाईंनी पुढं होऊन मागितली म्हणून. दगडानं घासायला अकरा दिवस लागले. सुट्टीच्या दिवशी धुळाप्पा आले. पहिल्यांदा म्हणाले, "हे बाईचं काम आहे का?" मग तासभर घासल्यावर म्हणाले, "हे बाप्याचंही नाही." करपलेली कातडी निघाली आणि आत, मामा, गर्द लाल, पिकल्या डाळिंबासारखा कोबा! नखसुद्धा उमटेना. सिलिकेट तीनदा लावलं. दुसऱ्या हाताला पांढरी साय धरलीच होती, मी पाणी थोडं थंड वापरलं होतं. पुन्हा उकळतं घेऊन पुसली. व्हरांड्याला मेण दिलं, अंगणाला जवस. परवा झाडलं तर सुपलीत नुसती बदामाची तीन पानं. भुकटी नाही. मी सुपली घरात नेऊन म्हाळसाबाईंपुढं धरली. म्हटलं, "झाडते की नुसता झाडू फिरवते, तुम्हीच बघा." त्या पोट धरून हसल्या.

काल शेठनी शेजारचे दोन व्यापारी बोलावून अंगण दाखवलं. म्हणाले, "बघा, चोर मिस्त्रीनं बिघडवलेलं आमच्या कामवाल्या बाईनं नीट केलं." मामा, तुम्ही सांगू नको म्हणाला होता. मी जीभ दाताखाली धरली. पण ते दुसऱ्यांदा म्हणाले, "अर्धं सिमेंट विकलं त्यानं."

मग मी बोलले. म्हटलं, "शेठ, सिमेंट कमी असतं तर हे औषध धरायला आत चुनाच नसता. मी या अंगणाचा बोटबोट भाग घासलाय. आत लोखंड आहे. ज्यानं केलं त्यानं एक घमेलं खाल्लं नाही. तो माझा मामा आहे." शेठ म्हणाले, "मग भुकटी का झाली?" आणि मी पाणी सांगितलं. टँकर सांगितले. डायवरचं नाव नाही घेतलं.

शेठचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "म्हणजे माझं पाणी वाटलं? मला न विचारता? सिमेंट नाही तर पाणी, चोरी ती चोरीच!" आणि आत निघून गेले. काम सोड म्हणाले नाहीत. शहाबादीची गाडी मात्र परत पाठवली.

तुमचा शब्द मोडला. रागवा. पण परत तसंच कुणी म्हणालं तर परत बोलेन.

अक्कम्मा


अक्कलकोट,
ता. ७ फेब्रुवारी १९७५

बसलिंगप्पा शेठ यांस,

मी ईश्वरप्पा मिस्त्री. माज्या भाचीनं तुमाला सांगितलं ते खरं हाय. तिनं सांगायला नको व्हतं, मीच सांगायला पायजे व्हतं, दोन वर्सापूर्वी.

पाणी तुमचं व्हतं. दिलं मी. तुमाला इचारलं न्हाई, ती माजी चूक. बायांचा आन डायवरचा त्यात दोष न्हाई, तोटी माज्या हातानं सोडली. तुमचा कोबा त्यानं बिघडला, तेबी मला तवाच दिसत व्हतं. पण तशीच येळ परत आली तर मी परत तेच करीन. फरक एवढाच, या खेपेला तुमास्नी आदी सांगीन आन मग तोटी सोडीन.

हात चालत्यात तवर त्या कोब्याची निगा माज्याकडं. बोलवाल तवा येईन.

ईश्वरप्पा


सोलापूर,
ता. २० फेब्रुवारी १९७५

ईश्वरप्पा मिस्त्री यांस शरणार्थ, नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. त्याच दिवशी उत्तर लिहिलं असतं तर ते वेगळं झालं असतं. रागाचं पत्र टपालात टाकू नये असं आमचे वडील सांगत, म्हणून थांबलो.

मध्यंतरी मी स्वतः मागच्या वस्तीत गेलो. इतकी वर्षं भिंतीला भिंत आहे, पण पाऊल कधी टाकलं नव्हतं. त्या दोन टँकरची गोष्ट विचारली. बाया आधी घाबरल्या, मग बोलू लागल्या. त्यांना वाटत होतं की ते पाणी मीच पाठवलं होतं. दोन वर्षं त्या मला जाता-येता हात जोडत होत्या, आणि मी समजत होतो, व्यापारी माणूस म्हणून जोडतात. त्यातल्या एकीनं सांगितलं, तिचं बाळंतपण त्याच आठवड्यात झालं. मुलगी आहे. माझ्यासमोरच खेळत होती.

मिस्त्री, पाणी माझं होतं आणि तुम्ही मला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे मला माहीत आहे. म्हणून तुम्ही विचारलं नाही, ते बरं केलं. त्या बायांचे नमस्कार मी इतके दिवस फुकट घेतले. ते तुमचे होते.

तुम्हाला चोर म्हटलं ते मी चारचौघांत म्हटलं होतं. परवा त्याच दोन व्यापाऱ्यांना चहाला बोलावून ते परत घेतलं. तुमची भाची समोर उभी होती, तिनं ऐकलं.

आता कामाचं. माझी मुलगी जेऊरला दिली आहे. तिकडे नवं घर बांधून होत आलं. तिला असंच अंगण हवंय. विहिरीला पाणी भरपूर आहे. कोबा तुम्ही घालावा. घासणं, पक्कं करणं आणि मेण यासाठी अक्कम्माबाई हव्यात, ही मुलीच्या आईची अट आहे. कोबा किती दिवस ओला ठेवायचा ते तुम्ही सांगाल तसं.

आपला,
बसलिंगप्पा


अक्कलकोट,
ता. २४ फेब्रुवारी १९७५

अक्कू,

शेठचं पत्र आलं. शेजारच्या मास्तरास्नी मोठ्यानं वाचायला लावलं, तुज्या मामीनं ऐकावं म्हणून. ती म्हणाली, "दोन वर्सं मला का न्हाई सांगितलं?" तिचंबी खरं हाय.

माजा शब्द मोडलास म्हणून रागवायचा इचार केला. जमला न्हाई.

जेऊरला जायचं. कोबा मी घालतो. पण एक सांगून ठेवतो, मला आता वाकून नक्षी काढायला जड जातंय. दोरी मी धरीन, रेघ तुला मारायची. कमळ पायजे की दुसरं काय, ते तू ठरव. तुला हे सांगताना मला लई बरं वाटतंय. धुळाप्पाला इचारून कळव.

ईश्वरप्पामामा


सोलापूर,
ता. १ मार्च १९७५

मामा,

धुळाप्पांना विचारलं नाही, सांगितलं. ते म्हणाले, "भाकऱ्या मी थापीन. कशा होतील ते विचारू नको." काल रात्री सराव म्हणून दोन थापल्या. एक कुत्र्यानंही हुंगून सोडली. पण जा म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

कमळ नको मामा. जेऊरच्या बाई म्हणतात, त्यांच्याकडं मळ्यात करडई फुलते, तिची वेल करता येईल का. मी म्हटलं, करडईला वेल नसते, पण फुलं काढून देईन. पाटीवर दहादा काढून बघितलीत. काटे जमतात, फुलाचा गोंडा अजून वाकडा येतो. तुम्ही दोरी धरली की येईल.

कोबा दहा दिवस ओला ठेवायचा. म्हाळसाबाईंनी मुलीला तसं पत्र टाकलंय. त्यांनी मला वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय, "ईश्वरप्पा मिस्त्री आणि अक्कम्मा मिस्त्री येत आहेत." मी म्हटलं, बाई, दुसऱ्या नावापुढं मिस्त्री चुकून लिहिलंत. त्या म्हणाल्या, "मी चष्मा लावून लिहिलंय."

दहा तारखेला, सोमवारी, सकाळच्या गाडीनं मी जेऊरला उतरते. तुम्ही आधी पोचलात तर स्टेशनावर थांबा. घरी गेल्यावर कुणी विचारलं, मिस्त्री कोण, तर दोघांनी एकदमच हात वर करू.

अक्कम्मा